बोटाशिवाय दाबलेलं बटण

नेटा स्परलिंग मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी तिची बाजू घेतोय की तिच्यावर राग काढतोय, हा प्रश्न पुढे कुणाला पडायला नको. ती आवडणारा माणूस शोधायला निघालो असतो, तर आमच्या टॅलोरा बेंड गावात तरी सापडला नसता. पण घरातला पियानो बेसूर झाला की सगळे तिच्याच दारात. मरे नदीच्या काठाने वरखाली जेवढी गावं आहेत, तेवढ्यांत पियानो सुरात लावणारी ती एकटीच होती आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती कुणाच्या घरी कामाला आली की आधी घर गप्प करायची. कुत्रा बाहेर, घड्याळ खाली, पंखा बंद. एकदा डॉक्टरांच्या बायकोला म्हणाली, "फ्रिज बंद करा."

"अहो, आत आईसक्रीम आहे."

"मग आईसक्रीमच वाजवा," म्हणाली आणि हत्यारांची पिशवी उचलून चालू पडली. डॉक्टरीणबाईंना मागे धावावं लागलं.

माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मेन रोडवर, बेकरीला लागून. बापाने माझं नाव ठेवलं होतं लेफ्तेरिस. गावाने कापून लेफ केलं. नेटा मात्र मला 'ए दुकानदार' म्हणायची. तिशीत असताना म्हणायची, साठीत आलो तरी म्हणते.

ती आणि तिची थोरली बहीण ऊना बापाच्या घरात राहायच्या. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. ऊना दवाखान्यात लोकांची नावं पुकारण्याच्या कामावरून निवृत्त झालेली, गोल चेहऱ्याची, गोड बोलणारी. दर बुधवारी तिच्याकडे पत्ते रंगायचे. तिच्या हातच्या मटण-बटाट्याच्या पेस्ट्या खायला लोक यायचे आणि नेटा मागच्या खोलीतून "दार लावा!" असं ओरडली की मान खाली घालून हसायचे. त्या मागच्या खोलीत नेटाचा कारखाना होता. पोट उघडलेले दोन-तीन पियानो तिथे कायम उभे असायचे.

बापाची जर्दाळूची बाग होती. तो गेल्यावर बहिणींनी ती शेजारच्या रॅडमाकर कुटुंबाला विकली आणि स्वतःकडे घर तेवढं ठेवलं, शिवाय पूर्वी फळं पेट्यांत भरायची ती पत्र्याची शेड. शेडची मागची भिंत थेट रॅडमाकरच्या कुंपणाला टेकलेली. म्हातारा रॅडमाकर होता तोवर सगळं ठीक होतं. मग मुलगा आला, गिल. त्याने जर्दाळू उपटून बदाम लावले. बदाम धरायला लागले आणि कोरेला आले. पांढऱ्या पोपटांचे थवेच्या थवे. एका सकाळी झाडाखाली नुसती फोडलेल्या टरफलांची चादर.

गिलने गॅसची तोफ आणली. लहानशी नळी असते, सिलिंडरवर चालते, ठरावीक वेळाने आपोआप धडाम करते. पाखरं उडतात. आमच्याकडे पुष्कळांनी लावली आहे, त्यात नवल काही नाही. गिलनेही आधी ती बागेच्या पार पलीकडच्या टोकाला लावली होती. तेवढ्यावर राहिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

पण नेटा चार कामगारांसमोर बागेत शिरली आणि गिलला म्हणाली, "तुझ्या बापाला जमिनीची अक्कल होती. तुझ्या डोक्यात नुसता गॅस भरलाय."

गिल सव्वासहा फूट, गळ्यापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी तोफ बागेच्या अलीकडच्या टोकाला आली. शेडपासून हाकेच्या अंतरावर, तोंड नेटाच्या खोलीकडे करून.

आता पियानो सुरात लावायचा म्हणजे काय करायचं, तर दोन तारा एकदम छेडायच्या आणि त्यांच्यातली लहर ऐकायची. लहर हळूहळू मंद होत जाते, जाते, आणि नाहीशी झाली की दोन्ही तारा एक झाल्या. नेटा डोळे मिटून, श्वास रोखून ती लहर ऐकत असायची. आणि धडाम! पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा धडाम! उन्हाळाभर हे चाललं. ती वाळली, आणखी तिखट झाली. गिऱ्हाइकांवर ओरडायची, ऊनावर ओरडायची, बेकरीत पाव कापणाऱ्या पोरीवर ओरडायची.

गावच्या कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, तक्रार केली तिने. नियम होता: तोफ घरापासून अमुक लांब हवी, तासात अमुक बारच काढायचे. गिल दोन्ही नियम मोडत होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या दुकानापर्यंत आवाज यायचा. पण कौन्सिलचा माणूस कॉलिन प्रीस आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला की बाग चिडीचूप. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्याही पुढच्या खेपेला तेच.

"बाई, मला तर इथे नुसत्या माश्या ऐकू येतायत," प्रीस म्हणाला.

"तुम्ही गेलात की सुरू होईल."

"मग मी गेल्यावरचा आवाज टेप करून आणा. दिवस-वेळ कळेल असा. त्याशिवाय मी काय करणार?"

ती हातात मावणारा टेप रेकॉर्डर घेऊन कुंपणाशी जाऊन उभी राहिली. तोफ बंद. तासभर उन्हात उभी राहून, टोपीखाली शिजून परत आली. हात धुते न धुते तोच धडाम. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पुन्हा शांत. गिल लांबून ट्रॅक्टरवरून तिला टोपी काढून नमस्कार करायचा. पबमध्ये हा किस्सा रोज नव्याने सांगितला जायचा. लोक पोट धरून हसायचे. मीही हसलो.

मग एक दिवस ती माझ्या दुकानात आली, काउंटरवर एक जड कॅसेट डेक आदळला आणि म्हणाली, "ए दुकानदार, हे हात न लावता चालवायचंय."

डेक चांगला होता. बंद पडलेल्या कुठल्या तरी रेडिओ स्टेशनचा. त्याची बटणं खटकन दाबायची नव्हती, नुसतं बोट टेकलं की काम व्हायचं.

"रिमोट मागवून देतो," मी म्हणालो.

"रिमोट भिंतीपलीकडे चालतो का?"

"नाही."

"मग कशाला तोंड उघडलंस? हे शेडमध्ये राहणार. मी माझ्या खोलीत. तो मेला मला बाहेर पडलेली बघतो आणि तोफ बंद करतो. मी बाहेर पडलेच नाही तर काय बघेल?"

तिच्या खोलीत शाळेने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर होता, बिलं छापायला घेतलेला. ते कळल्यावर मला सुचलं. खरं तर नको सुचायला होतं. मी तिला सांगितलं, की प्रिंटर जोडायच्या खाचेत बऱ्याच तारा असतात आणि कॉम्प्युटर त्यांतल्या हव्या त्या तारेवर जराशी वीज सोडू शकतो. त्या विजेवर रिले चालवायचा. रिले म्हणजे विजेवर मिटणारा चिमुकला चिमटा. चिमट्याची दोन टोकं रेकॉर्डरच्या बटणाच्या मागे डाखायची. कॉम्प्युटरने वीज सोडली, चिमटा मिटला, की रेकॉर्डरला वाटतं कुणी बोट टेकवलं.

"एवढंच?"

"एवढंच. फक्त मधे एक ट्रान्झिस्टर लागेल, कारण खाचेतली वीज—"

"कळलं, कळलं," म्हणत तिने रिले पिशवीत टाकले आणि गेली.

दोन दिवसांनी आली ती दारातूनच फुत्कारत. "जळलं! धूर आला! तू मला अर्धंच सांगितलंस."

"तू अर्धंच ऐकलंस."

"तुझं दुकान चालतं कसं, हेच मला कळत नाही!"

"तुझ्यासारखी गिऱ्हाइकं कमी आहेत म्हणून चालतं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच बघत असावी. मग स्टूल ओढून बसली. "सांग पुन्हा. सगळं."

त्यानंतर ती दुकानात येऊन बसायला लागली. मला ते मुळीच आवडत नव्हतं. डाख लावायला तिला मी शिकवलं. सुरुवातीला तिचे डाख म्हणजे मेणबत्तीखाली साचलेले गोळे. चुकलं की ती कथलाला शिव्या द्यायची, डाखायच्या सळीला द्यायची, मला द्यायची. पण एकदा चुकलेली गोष्ट पुन्हा चुकायची नाही. सगळं तिने बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात बसवलं: एक रिले रेकॉर्ड करायचा, एक थांबवायचा, एक टेप मागे न्यायचा. चौथा शेडमधल्या जुन्या रेडिओचा. तो माझ्या नाही, तिच्या डोक्यातून निघाला. तासाच्या आधी रेडिओ सुरू करायचा, म्हणजे बातम्यांआधीचे वेळेचे टोले आणि निवेदकाने सांगितलेली तारीख टेपवर येते. मग रेडिओ बंद, पुढे नुसती बाग. प्रीसला वेळ हवी होती ना, घे म्हणावं वेळ.

रेकॉर्डर खरंच चालू झालाय हे खोलीत बसून कळायचं कसं? तर त्याच्या लाल दिव्यावरून एक तार परत कॉम्प्युटरकडे आणली. दिवा लागला की पडद्यावर अक्षरं यायची: चालू. त्यासाठीचा चार ओळींचा प्रोग्रॅम तिने मला तीनदा लिहायला लावला आणि शेवटी स्वतःच लिहिला.

शेडपर्यंतची तार तिने ठिबकच्या पाइपांना चिकटवून मातीखालून नेली. हे करताना ऊनाने विचारलंच, "काय गं पुरतेस?"

"पाणी गळतंय," नेटा म्हणाली.

ऊनाला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ऊनाच्या पोटात तीळ भिजत नाही, असं नेटाचं मत. सांगितलं ते फक्त मला, आणि वर धमकी: "बोललास तर दुकानाच्या दारात उभी राहून बोंब मारीन."

यंत्र तयार झालं आणि भुताटकी सुरू झाली. मधेच आपोआप टेप थांबायची, मधेच सुरू व्हायची. नेटा तणतणत आली. "त्याला कळलंय! तो बाहेरून काही तरी करतोय!"

मी गेलो, बघितलं. गिल करत नव्हता, त्याचा पंप करत होता. नदीवरचा मोठा पंप सुरू झाला की हवेत विजेचा झटका उठतो आणि एवढी लांब तार म्हणजे एरियलच. झटका पकडायची आणि चिमटे आपोआप मिटायचे. मी तिला जाळीचं वेष्टण असलेली तार दिली आणि तारेच्या टोकाला, डब्यात, एक नखाएवढा भाग बसवायला लावला. त्यात एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा असतो. निरोप उजेडाने जातो, विजेने नाही. झटका येऊन बाहेरच आपटतो.

"म्हणजे गिलचा दोष नाही?" तिने विचारलं. चेहरा पडला होता.

"या बाबतीत नाही."

"वाईट झालं," ती म्हणाली. गंमत करत नव्हती.

पण चाललं. ती आपल्या खोलीत बसून एक कळ दाबायची, तिकडे शेडमध्ये पेट्यांच्या ढिगामागे टेप फिरायला लागायची. कुंपणाच्या फटीत मायक्रोफोन. आणि तोफ वाजत राहायची, कारण नेटा बाहेर कुठे दिसतच नव्हती. धडाम, धडाम, धडाम. नियमाने सांगितलेल्या बारांच्या कितीतरी पट. मी तिला त्या दिवसांत दुकानात गुणगुणताना ऐकलं. अंगावर काटा आला.

पुरेशा टेप भरल्यावर ती त्या घेऊन आली. तिच्याकडे एकच डेक. कौन्सिलला द्यायच्या प्रती माझ्याकडे काढायच्या होत्या. सगळ्या टेप तिने नीट ऐकलेल्या नव्हत्या. बार मोजले की पुढे पळवायची. मी पहिल्या टेपा उतरवल्या, मग आदल्या दिवशीची लावली. टोले वाजले, निवेदकाने तारीख सांगितली. बार. वारा. पुन्हा बार. मी कॉफी उकळायला ठेवली.

आणि स्पीकरमधून पाचोळ्यावर पावलं वाजली, कुंपणाची तार करकरली आणि ऊनाचा आवाज आला.

"गिल! ए गिल!"

"काय गं ऊना? बाहेर पडतेय का ती?"

"नाही ना, तोच तर घोळ झालाय. किती दिवस झाले, मशीन घेऊन बाहेरच येत नाही. त्या खोलीत बसून असते नुसती. मी तुला फोन करू तरी कधी?"

"बाहेर पडली की कर, नेहमीसारखा. मी बंद करतो."

"आणि हे बघ, शुक्रवारी कौन्सिलचा माणूस येणार आहे. सकाळी."

"बरं झालं सांगितलंस."

"घे. गरम आहेत. डबा नंतर परत कर." मग जवळच मोठा धडाम झाला आणि ऊना हसत म्हणाली, "बाई गं! कान गेले माझे!"

कॉफी उतू गेली. मी गॅस बंद केला. नेटाने हात पुढे करून टेप मागे नेली आणि पुन्हा ऐकली. चेहऱ्यावर काही नव्हतं. दगड.

"पेस्ट्या," ती म्हणाली. "मला म्हणाली चर्चला नेतेय."

मग उठली. "गाडी काढ."

"मी कशाला?"

"माझ्या हातून कुणी मेलं तर बघायला कुणीतरी हवं."

मी गेलो. का गेलो, विचारू नका.

ऊना स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मला बघून हसली. "अरे लेफ! बस की."

"कधीपासून?" नेटाने विचारलं.

"काय कधीपासून?"

"गिलला फोन."

ऊनाचा हात थांबला. मला वाटलं रडेल, नाकारेल. तिने तसं काही केलं नाही. शांतपणे हातांचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "तू पहिल्यांदा रेकॉर्डर घेऊन बाहेर पडलीस तेव्हापासून."

"का?"

"तुला शांतता हवी होती ना? मग. तू बाहेर पडलीस की मी फोन करायचे. तो तोफ बंद करायचा. तू तिकडे कुंपणाशी. तासभर ना तोफ, ना तू. दोन्ही आवाज एकदम बंद व्हायचे, नेटा. या घरात तेवढाच एक तास मला माणसासारखा मिळायचा."

नेटा टेबलाला धरून उभी होती. "बहीण आहेस तू माझी."

"हो ना. तेच तर. गिलला दिवस मावळला की तुझ्यापासून सुट्टी. मला कुठाय?"

"गावाने मला वेडी ठरवलं. तू पत्ते पिसत बसलीस, त्यांच्यासोबत हसलीस."

"हसले. वेडीच आहेस. त्याच्या बापाबद्दल बोलायला तुला कुणी सांगितलं होतं? तोफ तिकडे लांब होती ना? कुणी आणली जवळ? तू आणलीस, जिभेने ओढून आणलीस! आणि वर आता काय केलंस, माझं बोलणं चोरून टेप केलंस?"

"तुझं नाही. तोफेचं."

"मग तोफेशीच राहा," ऊना म्हणाली आणि पुन्हा कणकेला लागली. मूठ आपटून आपटून मळत होती.

परतताना, मागोमाग गाडीपर्यंत आलेल्या नेटाला मी म्हणालो, "हे बघ, ती शेवटची टेप बाजूला ठेव. बाकीच्यांत पुरेसे बार आहेत. काम होईल तुझं."

"नाही. ही पण जाणार."

"अगं, गरज काय?"

"गावाने ऐकायला हवं. कोण वेडं आणि कोण काय ते."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं मी ऐकून होतो. इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिली. मी पुन्हा बोललो. तिने मला 'दुकानदारा, तुझी जागा दुकानात' म्हणून सुनावलं. मग मी गाडी सुरू केली.

कौन्सिलची सभा गावच्या हॉलमध्ये झाली. बदाम नुकतेच उतरले होते, लोक मोकळे होते, त्यामुळे हॉल भरलेला. गिल पहिल्या रांगेत, बाजूला त्याचा ॲडलेड शहरातून आलेला वकील. ऊना तिच्या पत्त्यांच्या मैत्रिणींमध्ये. नेटाने आधी तोफेच्या टेपा वाजवल्या. लोक चुळबुळले, एक-दोघांनी गिलकडे पाहिलंसुद्धा. प्रीस भराभर लिहून घेत होता. गिलच्या मानेवर घाम होता. तिथे ती थांबली असती तर जिंकली होती, हे मी शपथेवर सांगतो.

ती थांबली नाही. शेवटची टेप लावली. 'बाई गं! कान गेले माझे!' हे ऊनाचं वाक्य भरल्या हॉलमध्ये घुमलं. कुणी हसलं नाही. ऊना मांडीवरच्या पर्सचा बंद धरून समोर बघत होती, चेहरा कागदासारखा पांढरा.

वकील उठला. त्याला उठायला काही लागलंच नाही, आयतंच ताटात वाढून आलं होतं. "हे दोन माणसांचं खासगी बोलणं आहे," तो म्हणाला. "दोघांपैकी कुणाच्याही परवानगीशिवाय, लपवलेल्या यंत्राने टेप केलेलं. या राज्यात तो गुन्हा आहे. आणि बाकीच्या टेपा त्याच लपवलेल्या यंत्रावरच्या आहेत. कौन्सिल त्यांना हात लावणार आहे का, हे कौन्सिलने ठरवावं."

कौन्सिलने हात काढून घेतला. घाबरटच ते. सगळ्या टेपा परत. प्रीस जाताना नेटाजवळ थांबला. "बाई, मी तुम्हाला तोफेचा आवाज आणायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "माणसांचा नाही."

पोलिसाने येऊन तिला ताकीद दिली. मग माझ्याकडे आला. "डबा कुणी बनवला?"

"तिनेच. मी सुटे भाग विकले."

"तुला माहीत होतं ते कशाला हवेत?"

"तिला विचारून बघ ना, ती काही सांगते का," मी म्हणालो. त्याने तिच्याशी अर्धा तास काढलेला होता. मान हलवून निघून गेला.

त्याच महिन्यात ऊनाने घर सोडलं. नदीच्या वरच्या अंगाला, दोन गावं पलीकडे, म्हाताऱ्यांसाठीची बैठी घरं आहेत, तिथे. मैत्रिणींनी गाडीत सामान भरलं. नेटा दारात हात बांधून उभी.

"ओव्हन ने हवा तर," ती म्हणाली. "मला कुणा चोराला पेस्ट्या पोचवायच्या नाहीत."

"ठेव तुलाच," ऊना गाडीत बसत म्हणाली. "डोकं घालायला होईल."

बहिणींचं एवढंच बोलणं झालं. मग वर्षानुवर्षं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गिलने दोन तोफा लावल्या. का नाही लावणार? कुणी अडवणार नव्हतं. नेटा कानात कापूस घालून बसायची. पियानो उचलून माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आणायला लागली. मी भाडं मागितलं नाही, तिने आभार मानले नाहीत. बुधवारी कुणी तिच्याकडे फिरकायचं नाही. बेकरीत ती रांगेत उभी राहिली की तिच्या मागेपुढे जागा सुटायची.

गिलला हरवलं ते कोरेलांनी. तोफेचा आवाज त्यांच्या अंगवळणी पडला. आधी बाराला उडायचे, मग नुसते मान वळवायचे, मग तेही नाही. शेवटी एक पठ्ठ्या तर तोफेच्या नळीवर बसून बदाम फोडताना पाहिला मी. बार झाला की जरासा उडायचा आणि परत तिथेच. बाग निम्मी फस्त झाली. गिलने वैतागून तोफा काढून टाकल्या आणि झाडांवर जाळी घातली. नेटाला कुणी सांगायला गेलं नाही. तिला आपोआपच कळलं असणार.

मी मुद्दाम विचारलं, "आता बरं वाटत असेल?"

"त्याने बंद केली का?" ती म्हणाली. "पाखरांनी करायला लावली. माझं त्याच्याशी अजून बाकी आहे."

गिल आजारी पडून गेला, तेव्हा अख्खा गाव चर्चमध्ये होता. ती नव्हती. त्या दिवशी चर्चचा पियानो सुरात नव्हता. लावून द्या म्हणून सांगायला गेले होते, तर तिने दार उघडलं नाही.

नंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गाडी चालवणं सुटलं. कामाला जायचं तर मी न्यायचो. मी दुकान बंद केलं होतं, दुसरं करायलाही काही नव्हतं. एके दिवशी फोन आला तो त्या म्हाताऱ्यांच्या वस्तीतून. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पियानो होता, पार बिघडलेला. मला वाटलं नेटा नाही म्हणेल. तिने पिशवी उचलली.

ऊना खिडकीशी खुर्चीत बसलेली होती, पायांवर शाल. केस पार पांढरे झालेले. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनी माना वळवल्या. नेटाने पियानोचं झाकण काढलं आणि कामाला लागली. दुपारभर चाललं होतं. खोलीतले बाकीचे म्हातारे कंटाळून निघून गेले. ऊना हलली नाही. मी दाराशी मासिक चाळत होतो, एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

नेटाने शेवटी झाकण बसवलं, उभ्याउभ्या वरपासून खालपर्यंत पट्ट्या वाजवून बघितल्या.

"वरची उतरलीय," ऊना खिडकीबाहेर बघत म्हणाली.

नेटा गर्रकन वळली. "काय?"

"वरून तिसरी. उतरलीय."

"तुझे कान उतरलेत!"

"माझे कान ठणठणीत आहेत. लहानपणीही तुला वरच्या पट्ट्या जमायच्या नाहीत. बाबा म्हणायचे."

"बाबांना काय कळत होतं? जर्दाळू कळायचे त्यांना!"

"बाबांबद्दल बोलायचं नाही, सांगून ठेवते!"

दोघींचे आवाज इतके चढले की नर्स धावत आली. नेटा मला म्हणाली, "चल रे दुकानदार," आणि ताडताड चालत गाडीत जाऊन बसली. घर आल्यावर उतरताना पुटपुटली, "वरून तिसरी. मूर्ख बाई. वरून चौथी होती."

पुढच्या महिन्यात तिथून पुन्हा फोन आला. पियानो बेसूर आहे, अशी एका बाईची तक्रार आहे, म्हणे. मी नेटाला निरोप दिला. ती बराच वेळ शिव्या देत होती. मग विचारलं, "कधी जायचं?"

आता आम्ही अधूनमधून जातो. पियानोला काही झालेलं नसतं. त्या भांडतात, मी बाहेर बाकावर बसतो.